खव्याचा फुटबॉल

आमच्या घरात सकाळ व्हायची ती आईच्या खोकल्यानं. आधी एक कोरडा खोकला, मग थोडा वेळ शांतता, मग लागोपाठ, आणि शेवटी ती उठून बसायची तेव्हा खाट करकरायची. ती करकर ऐकली की मी अंथरूण गुंडाळायचे. मागच्या अंगणात जाऊन चुलीतली राख काढायची, बंब पेटवायचा, अप्पांच्या डब्याचे तांदूळ धुवायचे. अप्पा यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पोती आली किती, गेली किती, हे लिहीत दिवस काढायचे आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला सुक्या मिरच्यांचा वास यायचा. तो वास घरात आला की आईचा खोकला पुन्हा सुरू व्हायचा, म्हणून सदरा बाहेरच झटकायचा, हेही काम माझंच.

आईला दमा होता. धूर सोसेना म्हणून चौथी झाल्यावर मला शाळेतून काढलं. काढलं हा शब्दसुद्धा मोठा झाला. बसवनगुडीतली आमची मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढं शिकायचं तर कानडी शाळेत पाचवीला नाव घालायला हवं होतं, आणि ते घालायचं राहिलं. अप्पा म्हणाले, "स्वल्प थांब, यमू. अण्णाला नोकरी लागू दे. नोकरी लागली की त्याचं लग्न करू, सून येईल, चूल तिच्या हाती देऊ आणि तुला पाचवीत घालू." स्वल्प म्हणजे थोडं. आमचं घराणं किती पिढ्या या गावात आहे ते अप्पांनाही नीट सांगता यायचं नाही, तेव्हा हा कानडी शब्द आमच्या मराठीत कधी शिरला कोण जाणे. पण दुकानदाराचं स्वल्प वेगळं, शेजारणीचं वेगळं आणि अप्पांचं वेगळं. माझ्या वर्गातल्या मुली एव्हाना सातवीत गेल्या होत्या. मी त्यांना ओसरीच्या कठड्याआडून बघायचे. हाक मारायचा धीर मला कधीच नव्हता, आजही नाही.

अण्णा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मॅट्रिकला नापास झाला होता, पण फुटबॉल असा खेळायचा की पेठेतली माणसं दुकानं पोरांवर सोडून बघायला जायची. मी मात्र एकही सामना पाहिला नाही. मुलींनी जायची रीत नव्हती. मला ठाऊक होता तो फक्त त्याचा चेंडू. त्या काळचा चेंडू आतासारखा काळा-पांढरा नव्हता. तपकिरी चामड्याच्या लांबट पट्ट्या शिवून केलेला, आत रबरी ब्लॅडर, आणि एका बाजूला चीर, ती बुटासारखी नाडीनं बांधलेली. ब्लॅडरमधली हवा गेली की नाडी सोडायची, चिरेतून ब्लॅडर बाहेर काढायचं, सायकलच्या दुकानातून जोड लावून आणायचं, पुन्हा आत सारायचं, त्याची मान दुमडून चामड्याखाली लपवायची आणि नाडी ओढून बांधायची. अण्णाची बोटं जाड, त्याला ती मान लपवता यायची नाही. "तंगी, ये गं," अशी तो हाक मारायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी ओसरीच्या पायरीवर बसून चेंडू मांडीत घ्यायचे, शिवणींना एरंडेल चोळायचे, मेण लावायचे. तो चेंडू स्वयंपाकघरात आणायची मनाई होती, कारण चामडं. तोच चेंडू आयुधपूजेच्या दिवशी आई पाटावर मांडायची आणि त्याला हळदकुंकू लावायची, अप्पांचा टाक आणि माझी विळी यांच्या शेजारी. तेव्हा तो चामड्याचा नसायचा.

एका रविवारी अण्णा सामना खेळून आला तो दारातूनच ओरडत. शहराबाहेर एक मोठा कारखाना होता, त्यांची फुटबॉलची टीम होती, आणि चांगल्या खेळाडूला ते नोकरी द्यायचे. टीमचे साहेब कूर्गकडचे, पलटणीत राहून आलेले. सामन्यानंतर त्यांनी अण्णाच्या पाठीवर थाप मारली होती.

"काय म्हणाले?" अप्पांनी विचारलं.

"पुढच्या सोमवारी ट्रायलला ये म्हणाले. मी विचारलं, साहेब, नोकरीचं जमेल का? तर हसले, आणि इंग्रजीत म्हणाले, फॉर यू, पीस ऑफ केक."

"नीट आठव. हेच शब्द?"

"हेच. पीस ऑफ केक."

अप्पांचं इंग्रजी मालधक्क्यावरचं. पोत्यांचा हिशोब लागत नसला की मोजायचे तशी त्यांनी बोटांची पेरं मोजली. मग म्हणाले, "पीस म्हणजे नग. किंवा तुकडा. केकचा तुकडा. म्हणजे मागितलाय त्यांनी."

"केक?" आई खोकत म्हणाली. "नोकरीसाठी केक?"

"अगं, दुसरे लोक पाकीट मागतात. हा माणूस खाण्यापिण्यातला दिसतोय, केकवर भागवतो आहे. सरी, ठीक आहे, देऊ या."

त्यावर खूप बोलणं झालं. बेकरीतला आणावा तर त्यात अंडं, ते आईला घरात नको. शिवाय बेकरीतला कुणीही नेऊन देईल, लक्षात कशाला राहील? आई म्हणाली, साहेबांना घरीच बोलवा, घरचं करून घाला. अण्णानं दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन तसं सांगितलं. साहेबांना नवल वाटलं म्हणे, पण बरं म्हणाले, ट्रायलच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी येतो. घरी येऊन अण्णानं हे सांगितलं आणि मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत होते. केक मी आयुष्यात एकदाच खाल्ला होता, तोही कुणाच्या तरी बारशाला बशीत उरलेला चुरा.

शेजारच्या कमलम्मांचे यजमान बेकरीत भट्टीवर होते. मधल्या भिंतीवरून आमचं बोलणं चालायचं, त्या कानडीत, मी मराठीत, आणि मधे काय काय दोन्हीचं. त्यांनी सांगितलं, भट्टी नको, वाळू हवी. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर केकचं भांडं बसवायचं, वर ताट झाकायचं, ताटावर निखारे. मैद्यात थोडा रवा, अंड्याऐवजी दही आणि सोडा. "आणि झाकण उघडून बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "वास येईल तेव्हा सुद्धा नाही. स्वल्प ताळम्मा." म्हणजे जरा धीर धर, बाई.

वाळूच्या पातेल्यात बसेल असं एकच भांडं घरात निघालं, भजी तळायची लहान लोखंडी कढई. तिच्यात पहिला केक केला शुक्रवारी. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात पत्र्याच्या सावलीत मी विस्तवापुढं बसलेली, खाली आग, वर आग, आणि तोंडावर पदर घेऊन आई दारात उभी, "झालं का गं, झालं का गं." शेवटी तिनंच झाकण उचललं आणि केक मधोमध बसला. दुसरा खालून करपला. तिसरा जमला. ताटात उपडा केला तर वरून गोल, घुमटासारखा. अण्णा आंघोळ करून येत होता, ओल्या अंगानं तिथंच थांबला.

"तंगी, हा तर माझा चेंडू. अर्धा."

तो सहज बोलून गेला. मी मात्र त्या घुमटाकडे बघतच राहिले. आणखी एक असाच केला की पुरा होईल.

शनिवारी दूध आटवलं. खवा विकत आणायची ऐपत नव्हती असं नाही, पण गवळी दूध उधारीवर देत होता आणि हात घरचेच होते. सकाळभर उलथणं फिरवून माझा खांदा असा भरून आला की वेणी घालायला हात वर जाईना. तो दुखरा खांदा मला अजून आहे. पाऊस येणार असला की आधी त्याला कळतं. साखर त्या दिवसांत जपून वापरायची वस्तू, त्यातली मूठभर मी मुद्दाम करपवली. आई ओरडली, पण करपलेल्या साखरेचं पाणी खव्यात मळल्यावर जो रंग आला तो बघून गप्प झाली. एरंडेल प्यायलेल्या चामड्याचा रंग.

मग चेंडू समोर हवा होता. स्वयंपाकघरात येऊ देईनात, म्हणून अण्णा तो घेऊन उंबऱ्याबाहेर बसला आणि मी म्हणेन तसा फिरवत राहिला. खरं तर मला बघायची गरज नव्हती, बोटांना ठाऊक होतं. तीन-तीन पट्ट्यांचे गट, एक उभा तर शेजारचा आडवा. दोन्ही घुमट आंब्याच्या पाकानं जोडले, खव्याची पोळी लाटली, आणि पट्ट्या कापल्या त्या करंज्यांच्या कातणानं. कातणाचं दातेरी चाक फिरलं की कडेला बारीक टाके पडतात, अगदी दाभणानं शिवल्यासारखे. एका बाजूला चीर ठेवली, दोन्हीकडे भोकं पाडली आणि वाफवलेल्या शेवया पिळून त्यांची नाडी ओवली. खऱ्या चेंडूला एका पट्टीवर ठिगळ होतं, मीच लावलेलं. तेही केलं.

"ठिगळ कशाला गं?" अण्णा बाहेरून म्हणाला. "साहेब म्हणतील, गरिबाघरचा चेंडू."

"ठिगळ नसेल तर तो तुझा कसा?" मी म्हणाले. अण्णा हसला. मला वाटतं त्या दोन दिवसांत मी बोललेलं तेवढं एकच मोठं वाक्य.

रविवारी मी न्हाऊन बाहेर येईपर्यंत आईनं केकला हळदकुंकू लावलं होतं. तपकिरी पट्टीवर पिवळं बोट आणि लाल बोट. आई पण ते करून दचकलेली दिसली. म्हणाली, "पाटावर दिसला आणि हात गेला गं. दर वर्षीचा हात." कुंकू पुसायचं तर अपशकुन. राहू दिलं.

साहेब आले. उंच, पांढऱ्या मिशा, बूट दाराबाहेर काढताना खांबाला धरून उभे राहिले. अप्पांनी खुर्ची दिली, अण्णा भिंतीला टेकून ताठ उभा. मी आणि आई स्वयंपाकघराच्या पडद्यामागं. अप्पांनी ताट आणून स्टुलावर ठेवलं आणि मालधक्क्यावरच्या इंग्रजीत म्हणाले, "सर, युवर पीस ऑफ केक. फुल पीस."

साहेब ताटाकडे बघत राहिले, मग अप्पांकडे, मग पुन्हा ताटाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. मग ते मोठ्यानं हसले आणि कानडीत म्हणाले, "हा खायचा की किक मारायचा?"

सगळे हसले. अप्पांनी सुरी पुढं केली. आणि तिथं सगळं अडलं.

साहेब म्हणाले, "मी नाही. चेंडू फाडला तर पोरं मला मैदानात येऊ देणार नाहीत. तुझा चेंडू आहे, तू काप." अण्णाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ट्रायल, आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं चेंडू कापायचा? तो हलेना. पडद्याआडून आई माझा दंड घट्ट धरून कुजबुजायला लागली, "त्याला म्हणावं कापू नको. कुंकू लावलंय त्याला. बळीचा कोहळा होईल." आयुधपूजेला कुंकू भरून कोहळा फोडतात तो तिच्या डोळ्यांपुढं होता. अप्पांनी हलक्या आवाजात तिलाच विचारलं, "मग तू येतेस का कापायला?" ती म्हणाली, "आख्ख्या कोहळ्याला बाईनं सुरी लावायची नसते, ठाऊक नाही तुम्हाला?" अप्पा सुरी हातात घेऊन उभे. साहेब एकदा अण्णाकडे, एकदा पडद्याकडे बघत होते, हसू हळूहळू कमी होत होतं. मला दिसलं की हे असंच आणखी थोडं चाललं तर साहेब उठतील, चहा पिऊन जातील, आणि अण्णाची नोकरी, घरात येणारी सून, माझी पाचवी, सगळं त्या ताटात तसंच राहील.

मी पडदा सारून बाहेर गेले. परक्या पुरुषापुढं मी आधी कधी उभी राहिले नव्हते. पाय कसे गेले ते आठवत नाही, साहेबांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं एवढंच आठवतं, कारण मी मान वर केलीच नाही. ताटापुढं खाली बसले आणि चेंडू उघडायचा असतो तसा उघडला. शेवयांची गाठ सोडली, नाडी एकेका भोकातून ओढून काढली, चिरेत दोन बोटं घालून पट्टी अलगद उचलली. कातणानं आखलेल्या रेघेवर ती सुटून आली. ठिगळाची पट्टी निघाली, शेजारची निघाली, आत पिवळा केक दिसला. कुंकवाच्या पट्टीला हात लावला नाही. चमच्यानं आतला केक काढून बशीत घातला, वर खव्याची पट्टी ठेवली आणि बशी साहेबांच्या पायापाशी सरकवली.

मग साहेब म्हणाले, "ब्लॅडर काढलं हिनं." आणि खुर्चीचा हात बडवून हसले. "याच्या चेंडूची देखभाल कोण करतं?"

"हीच, सर," अण्णा म्हणाला. "माझी तंगी."

"नाव काय?"

अण्णानंच सांगितलं.

साहेबांनी दोन बशा खाल्ल्या. जाताना अप्पांना म्हणाले, "मुलीच्या हातात कला आहे. पुढच्या महिन्यात आमची मोठी मॅच आहे, माझ्या सगळ्या पोरांसाठी असाच एक पाठवा." अप्पा हात जोडून म्हणाले, "अवश्य, सर." दारात उभं राहून तिघंही साहेबांची गाडी वळेपर्यंत बघत होते. मी चुलीपाशी जाऊन बसले. आतून हलकं वाटत होतं. अण्णाची ट्रायल चांगली झाली. नोकरीचा कागद आला तेव्हा आईनं साखर वाटली आणि कुंकवाची ती पट्टी, देव्हाऱ्यात ठेवलेली, वाळून दगड झालेली, तुळशीत घातली.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मी अप्पांना विचारलं. विचारायला मला तीन-चार दिवस लागले. ते पायरीवर बसून पाय धूत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"यमू, साहेबांच्या बाईंचा निरोप आलाय. मॅचचा केक, मग त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला हॉकीच्या काठीचा. अण्णा अजून कच्चा आहे नोकरीत, पक्का होऊ दे. आणि एवढी कला हातात असताना पाचवीत त्या लहान पोरांत बसून तू काय करणार? स्वल्प थांब."

शाळा सुरू झाली त्या सकाळी मुली कठड्यासमोरून गेल्या, नव्या रिबिनी, नव्या वह्या. मी अंगणात पातेल्याखाली जाळ घातला होता. भिंतीवरून कमलम्मांनी डोकं काढलं. "एनम्मा, यंदा शाळा होती ना तुझी?"

"स्वल्प ताळी," मी म्हणाले. "वाळू तापतेय."

वहिनी आली, चांगली होती, पण दिवस राहिले आणि तिला धूर सोसेना. अण्णा पक्का झाला, टीमचा कॅप्टन झाला. हॉकीच्या काठ्या केल्या, क्रिकेटच्या बॅटी केल्या, एकदा हिरव्या मैदानावर यष्ट्या उभ्या केल्या खराट्याच्या काड्यांच्या. मग माझं लग्न झालं आणि सासरी कुणाला केकची आवड नव्हती. हे दुःखानं लिहीत नाही. थकल्यानं लिहिते आहे.

आता मी मुलाकडे बेळ्ळंदूरला राहते, उंच इमारतीत, खाली दिवसभर गाड्या तुंबलेल्या. गेल्या महिन्यात नातू परीक्षा देऊन आला. दप्तर फेकून म्हणाला, "आजी, गणिताचा पेपर, पीस ऑफ केक."

मी निवडत होते ती मेथी तशीच हातात राहिली. "केक? परीक्षेत?"

"अगं, तसं म्हणतात. म्हणजे एकदम सोपं. म्हणजे झालंच समज."

मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं. साहेबांनी काही मागितलं नव्हतं. नोकरी झालीच समज, एवढंच ते अण्णाला सांगत होते, मैदानावर, थाप मारून. आता अण्णा नाही, अप्पा नाहीत, आई नाही. सांगायला कुणी उरलं नाही, आणि असतं तरी मी सांगितलं नसतं.

"सोपं म्हणजे केकसारखं का म्हणत असतील रे?" मी विचारलं.

"काय माहीत. केक खायला सोपा असतो म्हणून असेल."

"हां," मी म्हणाले. "खायला."